पृष्ठ, ठसा आणि संहिता: मिरजेच्या गीतेपासून चिन्हांकित मजकुरापर्यंत

१

इ. स. १८०५ हे वर्ष मराठी मुद्रणाच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षणीय ठरते. त्या वर्षी मिरजेस, गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने, तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या अक्षरांवरून भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांच्या साहाय्याने प्रसिद्ध झाले. मिरजेच्या गीतेमागे नाना फडणविसांनी योजिलेल्या आणि त्यांच्या निधनामुळे (१८००) पुण्यात अपुऱ्या राहिलेल्या एका उपक्रमाची पूर्वपीठिका होती, अ. का. प्रियोळकर यांनी आपल्या 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' (१९५८) या ग्रंथात तिची नोंद घेतली आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड ही गावे १९९८ पासून एकाच महानगरपालिकेत नांदत आहेत. या परिसराचा उल्लेख वाङ्मयेतिहासात बहुधा विष्णुदास भाव्यांच्या नाटकाच्या निमित्ताने होतो. मुद्रणाच्या निमित्ताने तो क्वचितच होतो.

या दोन घटनांकडे आपले इतिहासकार सामान्यतः कालानुक्रमाच्या दृष्टीने पाहतात: आधी काय छापले गेले, कोणी छापले, कोठे छापले. प्रस्तुत निबंधात त्यांच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. या दोन पुस्तकांत 'संहिता' आणि 'पृष्ठ' यांच्या संबंधाविषयीच्या दोन भिन्न कल्पना गृहीत आहेत. कोरलेल्या पत्र्यावर अक्षर हे पृष्ठाचाच भाग असते. तेथील 'धर्मक्षेत्रे' हा शब्द त्या पत्र्यावरील त्या जागेपासून अलग करता येत नाही. एक अक्षर चुकले तर तेवढा पत्रा घासून दुरुस्त करावा लागतो किंवा नवा कोरावा लागतो. सुट्या खिळ्याच्या पद्धतीत मात्र अक्षर हे पृष्ठाच्या आधी अस्तित्वात असते आणि पृष्ठ मोडल्यावरही उरते. तेच खिळे पुन्हा खणात जातात आणि दुसऱ्या पृष्ठावर दुसऱ्या शब्दांत येतात. नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये कलाकृतींचे जे द्विविध वर्गीकरण केले, त्याचा आधार घ्यावयाचा तर मिरजेचे पृष्ठ चित्राच्या जातीचे आहे आणि श्रीरामपूरचे पृष्ठ स्वरलिपीच्या जातीचे. पहिल्याची नक्कल होते, दुसऱ्याची पुनर्रचना होते.

आजच्या संगणकीय मजकुराच्या संदर्भात 'अर्थ' आणि 'दर्शन' यांना विलग करण्याचे जे तत्त्व सांगितले जाते, त्याचे बीज या फरकात आहे. ते तत्त्व परदेशी अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढले आणि आपण ते उसने घेतले, अशी समजूत प्रचलित आहे. तत्त्वाची आजची परिभाषा परदेशी आहे हे खरे; परंतु त्यामागील प्रश्न मराठी लेखनव्यवहाराने दोन शतके आपल्या परीने हाताळला आहे. शिवाय तो प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही, तो समीक्षेचा आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

२

मुद्रणपूर्व काळातील पोथी प्रथम विचारात घेऊ. पोथीतील लेखन सलग असते. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नसते. वाचकाला वाट दाखविण्यासाठी लेखनिकाजवळ मोजकी साधने असतात: एकेरी व दुहेरी दंड, ओवीचा क्रमांक, आणि तांबडी शाई किंवा गेरू. तांबड्या रंगाने 'श्रीभगवानुवाच' यासारखे वक्त्याचे निर्देश लिहिले जात, अध्यायसमाप्तीची वाक्ये लिहिली जात, क्वचित दंडही रंगविले जात. म्हणजे तांबडा रंग ही एकच दृश्य खूण तीन वेगळ्या गोष्टी सांगत असे. सरावलेल्या वाचकाला त्याची अडचण नव्हती, कारण कोणता रंग कोठे काय सांगतो हे त्याला परंपरेने ठाऊक होते. अर्थ रंगात नव्हता. तो रंग आणि परंपरा यांच्या संयोगात होता. परंपरा विसरली गेली की रंग तेवढा उरतो.

मुद्रणाने या खुणांची जागा घेतली, पण गोंधळ संपविला नाही. ज्ञानेश्वरीच्या पुष्कळ छापील प्रतींत गीतेचा श्लोक ठळक किंवा मोठ्या टाइपात आणि ओव्या साध्या टाइपात असतात. तेथे ठळकपणाचा अर्थ 'हे मूळ, ज्यावर भाष्य चालले आहे' असा आहे. त्याच प्रतीत अध्यायाचे नावही ठळक असते; तेथे त्याचा अर्थ 'येथून नवा विभाग' असा होतो. एखादा पाठ संपादकाने महत्त्वाचा मानला तर तोही ठळक. डोळ्यांना या तिन्ही गोष्टी एकच दिसतात. जागेवरून, लांबीवरून, भाषेवरून आपण त्यांचा निवाडा इतक्या सहज करतो की आपण निवाडा करतो आहोत याचेही भान राहत नाही.

एकोणिसाव्या शतकातील आणखी एक घडामोड या संदर्भात महत्त्वाची आहे. मेजर टॉमस कँडी यांनी इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुजविली. 'विरामचिन्हांची परिभाषा' ही त्यांची पुस्तिका १८५० ची आहे. विरामचिन्ह हे अक्षर नव्हे, ते उच्चारले जात नाही. मजकुराच्या आत राहून ते मजकुराविषयी काही सांगते: येथे विधान पुरे झाले, येथे प्रश्न आहे, येथे दुसऱ्याचे शब्द आहेत. म्हणजे मजकुराच्या रचनेसंबंधीची ती एक टीप असते. चिन्हांकनाचे आधुनिक अभ्यासक विरामचिन्हांना चिन्हांकनाचाच एक प्रकार मानतात. या अर्थाने आज आपण ज्याला 'स्वाभाविक' मराठी गद्य म्हणतो ते आधीच चिन्हांकित गद्य आहे, आणि ते चिन्हांकन पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी विचारपूर्वक केलेले आहे.

३

छापखान्यातील व्यवहाराकडे वळल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. देवनागरीचे खिळे पाडणाऱ्याला पहिली अडचण येते ती जोडाक्षरांची आणि स्वरचिन्हांची. प्रत्येक जोडीचा स्वतंत्र खिळा पाडावयाचा म्हटले तर खणांची संख्या आटोक्याबाहेर जाते. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यातील टॉमस ग्रॅहम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या टाइपात सुधारणा केली; पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने (१८६९) देवनागरी टाइपाला जे सौष्ठव दिले ते सर्वश्रुत आहे. या प्रवासात 'अखंड' आणि 'डिग्री' असे टाइपाचे दोन प्रकार रूढ झाले. अखंड टाइपात अक्षर आणि त्याची मात्रा मिळून एक खिळा. डिग्रीत अक्षर, मात्रा, अनुस्वार यांचे सुटे तुकडे वर-खाली रचावयाचे. डिग्रीमुळे खिळ्यांची संख्या घटली. परंतु त्यामुळे एक सूक्ष्म बदलही झाला. जुळाऱ्याच्या हातात येणारा तुकडा हा भाषेचा घटक राहिला नाही, तो आकाराचा घटक झाला. 'कि' जुळविताना तो आधी वेलांटी घेतो, मग 'क'. उच्चारात 'क' आधी येतो आणि इकार मागून. पृष्ठावर नेमके उलट.

जुळाऱ्याच्या बाबतीत या उलटापालटीने काही बिघडत नव्हते. त्याचे काम पृष्ठ सिद्ध झाल्यावर संपत असे, आणि वाचकाला पृष्ठच मिळत असे. परंतु विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मराठी मजकूर संगणकावर जुळविला जाऊ लागला, तेव्हा हीच पद्धत जशीच्या तशी यंत्रात गेली. त्या काळातील बहुसंख्य मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या संकेतस्थानांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले होते: अर्धा 'क', काना, वेलांटी, रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. पडद्यावर आणि कागदावर उत्तम मराठी दिसे. यंत्राच्या स्मृतीत मात्र इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग असे. फाँट बदलला की मजकूर नाहीसा होई. या अवस्थेला डिग्री टाइपाची संगणकीय आवृत्ती म्हणणे वावगे ठरणार नाही. फरक एवढाच की खिळ्यांच्या काळात छापलेला कागद मागे उरत होता. येथे ज्या धारिका छापल्या गेल्या नाहीत त्यांचे काहीच उरत नाही.

याच काळात दुसरा विचारही चालू होता. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, पुरस्कारलेली आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेली 'इस्की' ही संकेतप्रणाली आकारांऐवजी वर्णांना संकेत देत होती. तीत 'कि' म्हणजे प्रथम 'क', नंतर इकार. वेलांटी डावीकडे काढणे हे दर्शनाचे काम, ते दर्शविणाऱ्या यंत्रणेने करावे. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीसाठी इस्कीच्याच आधीच्या मसुद्याचा क्रम स्वीकारला. पृष्ठाच्या क्रमाऐवजी उच्चाराचा क्रम पायाभूत मानण्याचा हा निर्णय वरवर तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो 'मजकूर म्हणजे काय' या प्रश्नाचे उत्तर आहे. शोध घेणे, अकारविल्हे लावणे, अंध वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणे, या सर्व गोष्टी त्या उत्तरावर अवलंबून आहेत.

४

परंतु कोणता भेद अर्थाचा आणि कोणता केवळ दर्शनाचा, हे ठरविणार कोण? मराठीने या प्रश्नाची दोन बोलकी उदाहरणे पुरविली आहेत.

पहिले उदाहरण 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचे. दोन्हींत 'र' आणि 'य' यांचाच संयोग आहे. हिंदीच्या किंवा संस्कृतच्या दृष्टीने पाहिले तर दुसऱ्या शब्दातील आडवा रकार हा रफाराचाच एक स्थानिक आकार वाटावा, म्हणजे निव्वळ दर्शनाचा भेद. मराठी वाचकाला मात्र ठाऊक आहे की पहिला समुद्र आहे आणि दुसऱ्या डोंगरांमधल्या आहेत. पहिल्यात आधीच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गल्लत झाली तर गुरूच्या हाती पळी येते. सुदैवाने युनिकोडमध्ये या रकाराची स्वतंत्र सोय आहे आणि हा भेद संकेताच्या पातळीवरच जपला जातो.

दुसरे उदाहरण 'ल' आणि 'श' यांचे. मराठीतील पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांचे आकार हिंदीतील रूढ आकारांहून वेगळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण देवनागरी निश्चित करताना मराठी वळण स्वीकारले. येथे मात्र संकेत एकच आहे. 'लक्ष' हा शब्द कोणत्याही वळणाने लिहिला तरी अर्थ बदलत नाही. मजकुराला 'ही भाषा मराठी' अशी खूण जोडली आणि फाँट जाणता असला, तर योग्य वळण आपोआप येते. म्हणजे मराठीपणाची घोषणा संहितेच्या पातळीवर होते आणि अक्षराचे वळण हा तिचा परिणाम ठरतो. ही खूण न जोडल्यामुळे मराठी मजकूर हिंदी वळणात दिसतो, ही आजही सरसकट आढळणारी गोष्ट आहे.

दोन्ही उदाहरणांत दृश्य भेद आहे; पहिल्यात तो अर्थवाही आहे, दुसऱ्यात नाही. हा निवाडा आकारांकडे पाहून करता येत नाही. भाषाव्यवस्थेचे ज्ञान असणाराच तो करू शकतो. सोस्यूरची परिभाषा वापरावयाची तर मूल्य व्यवस्थेत असते, द्रव्यात नसते. यावरून निघणारा निष्कर्ष असा की 'अर्थ' आणि 'दर्शन' यांच्यामधील सीमारेषा निसर्गदत्त नाही. ती प्रत्येक भाषेत, किंबहुना प्रत्येक वाङ्मयप्रकारात, कोणाला तरी आखावी लागते.

लिपीच्या बाबतीत तर ही रेषा अधिकच अस्थिर आहे. इस्कीत ब्राह्मीपासून निघालेल्या अनेक लिप्यांना एकच संकेतसमूह होता. मजकूर तोच, लिपी हे त्याचे वस्त्र. युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली; मोडीलाही ती २०१४ मध्ये मिळाली. टॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि विसाव्या शतकात देवनागरीत आले. येथे वस्त्र बदलले की ग्रंथ? मोडी कागदाचे बाळबोधीकरण करणाऱ्याला या प्रश्नाची तीव्रता कळते. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळला जात नाही, शब्द तोडलेले नसतात. बाळबोध प्रत तयार करणारा संपादक प्रत्येक ओळीत निर्णय घेतो आणि ते निर्णय संहितेत मुरून जातात. केवळ वस्त्र बदलल्याचा दावा तेथे टिकत नाही.

५

आता परदेशातील इतिहास थोडक्यात पाहू. हस्तलिखितावर मुद्रितशोधकाने किंवा संपादकाने जुळाऱ्यासाठी केलेल्या खुणा हे चिन्हांकनाचे मूळ रूप: एका शब्दाखाली सरळ रेघ म्हणजे तिरपा ठसा, नागमोडी रेघ म्हणजे ठळक ठसा. या खुणा दर्शनाच्या आज्ञा होत्या. १९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयातील एका सभेत, दस्तऐवजाचा आशय त्याच्या मांडणीपासून वेगळा ठेवावा, असा विचार मांडला. १९६९ पासून आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी त्याला भाषेचे रूप दिले. 'हे ठळक करा' असे न सांगता 'हे शीर्षक आहे' असे सांगावयाचे. शीर्षक कसे दिसावे ते अन्यत्र ठरेल. १९८६ मध्ये ही पद्धत एसजीएमएल या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. टिम बर्नर्स-ली यांनी महाजालासाठी योजिलेली एचटीएमएल ही तिचीच साधी संतती.

महाजालाच्या पहिल्या दशकात मात्र हे तत्त्व मागे पडले. १९९० नंतरच्या मधल्या वर्षांत न्याहाळकांनी टाइपाचा आकार व रंग सांगणाऱ्या खुणा आणल्या आणि पृष्ठे पुन्हा मिरजेच्या पत्र्यांसारखी 'कोरली' जाऊ लागली. १९९४ मध्ये होकुन विउम ली यांनी दर्शनाचे नियम स्वतंत्र पत्रकात ठेवण्याची योजना मांडली. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस या नावाने ती प्रमाण झाली आणि त्यानंतरच्या वर्षी एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने फाँटाची खूण त्याज्य ठरविली.

या तत्त्वाचा मराठीला होणारा लाभ एका साध्या उदाहरणाने दाखविता येईल. इंग्रजीत ग्रंथनाम तिरप्या ठशात छापतात. देवनागरीच्या परंपरेत तिरपा ठसा नव्हता. आपण ग्रंथनामासाठी एकेरी अवतरणचिन्हे वापरतो. ज्याने मजकुरात 'तिरपे' अशी आज्ञा दिली, त्याच्या मराठी पृष्ठावर अक्षरे यंत्राने ढकलल्यासारखी कलतात. ज्याने 'ग्रंथनाम' अशी खूण केली, त्याला दोन्ही लिप्यांत आपापली रीत पाळता येते. वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचे उदाहरणही असेच आहे. १९७६ पासून निघालेल्या त्याच्या खंडांत अन्य नोंदींकडे नेणारे निर्देश छापील खुणांनी केले जात. त्या खुणेचा आशय 'तिकडे जा' हा आहे. कागदावर वाचकाने दुसरा खंड उघडावयाचा, महाजालावर दुव्याने तेच काम व्हावयाचे. आशय नोंदविलेला असला की माध्यम बदलले तरी हानी होत नाही.

६

येथे मराठी समीक्षेचा एक रास्त आक्षेप उभा राहतो. मर्ढेकरांच्या लयविचारापासून आपण असे मानीत आलो आहोत की साहित्यकृतीत आशय आणि अभिव्यक्ती यांचे अद्वैत असते. मग आशय वेगळा आणि दर्शन वेगळे म्हणणारे हे तत्त्व साहित्याला कसे लागू पडावे?

हा आक्षेप पश्चिमेतही उपस्थित झाला. १९९० मध्ये स्टीव्हन डिरोझ, अ‍ॅलन रेनिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संहिता ही आशयघटकांची श्रेणीबद्ध रचना आहे, असे मत मांडले. पुढच्याच वर्षी जेरोम मॅगन यांनी संहितेत भाषिक संकेतांइतकेच ग्रंथीय संकेतही, म्हणजे टाइप, कागद, मांडणी हेदेखील, अर्थाचे वाहक असतात, अशी भूमिका घेतली. ही भूमिका आपल्याला परकी नाही. 'जेजुरी'तील (१९७६) रेल्वे स्थानकाच्या वाटेवरच्या कवितेत अरुण कोलटकर कोंबड्यांच्या नाचाबरोबर शब्दांनाही पृष्ठभर नाचवितात. तेथे मांडणी काढून घेतली तर कविता उरत नाही. कोलटकर व्यवसायाने आरेखनकार होते, हे येथे विसरता येणार नाही. देवनागरी अक्षराकृतींतून दृश्यकविता घडविणारे र. कृ. जोशी यांनीच विंडोजसाठी 'मंगल' हा युनिकोड फाँट आरेखित केला, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे. एकाच व्यक्तीने अक्षराचा आकार एकीकडे अर्थ म्हणून आणि दुसरीकडे वस्त्र म्हणून हाताळला.

तरीही माझ्या मते आक्षेप आणि तत्त्व यांत खरा विरोध नाही. समीक्षा ज्या अद्वैताविषयी बोलते ते कृतीतील अद्वैत आहे: शब्द, लय, प्रतिमा यांचे. चिन्हांकन जे वेगळे करते ते अर्थवाही आणि अर्थनिरपेक्ष दृश्य भेद. कोलटकरांच्या कवितेतील ओळींची मांडणी अर्थवाही आहे, म्हणून ती संहितेतच नोंदवावी लागेल. तिच्या एखाद्या पुनर्मुद्रणातील टाइपाची जात बहुधा तशी नाही. हा निर्णय करताना समीक्षकाला अद्वैताचे तत्त्व सोडावे लागत नाही, उलट ते कोठपर्यंत जाते हे सांगावे लागते. आजवर ते सांगण्याची सक्ती आपल्यावर नव्हती. छापील पृष्ठ आपल्या वतीने मौन पाळीत होते.

७

या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष आपल्या विद्यापीठीय विभागांशी निगडित आहे. जुनी नियतकालिके आणि ग्रंथ जतन करण्याचे काम आज ठिकठिकाणी चालू आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते पृष्ठांची छायाचित्रे घेण्यापाशी थांबते. ही छायाचित्रे अमूल्य आहेत. परंतु ती मिरजेचे पत्रे आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही, पाठभेद जुळविता येत नाहीत, अंध विद्यार्थ्याला त्यांतील एक ओळही ऐकता येत नाही. जेथे मजकूर टंकित होतो, तेथे बहुधा ठळक, मोठा, तांबडा एवढ्याच खुणा होतात. म्हणजे गेरू पुन्हा हाती येतो, गेरूची परंपरा मात्र येत नाही.

यापुढची पायरी तंत्रज्ञ घेऊ शकणार नाही. ज्ञानेश्वरीतील ठळक ओळ 'मूळ श्लोक' आहे की 'अध्यायनाम', बखरीतील समास लेखकाचा आहे की नक्कलकाराचा, कवितेतील रिकामी जागा कडवे संपविते की छापखान्याची सोय आहे, हे सांगणे संपादनाचे आणि समीक्षेचे काम आहे. अशी प्रत्येक खूण म्हणजे एक लहानसे समीक्षात्मक विधान असते. त्याला कर्ता असतो, त्याची कारणे देता येतात आणि ते खोडूनही काढता येते. पाठचिकित्सेची आपली परंपरा दुबळी नाही. तिने हे काम आपले मानले नाही, एवढेच. हे निर्णय आपण घेतले नाहीत तर ते होणार नाहीत असे नाही. ते यंत्राच्या अंदाजाने होतील, आणि पुढच्या वाचकाला ते निर्णय होते हे कळण्याचीही सोय राहणार नाही.